हिरवळीची वही

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल तुझी गाडी कोपऱ्यावरून वळली तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. मी फाटकात उभा होतो. मुकादमाने मागच्या काचेतून एकदाही वळून पाहिलं नाही. नऊ वर्षं मी गवत कापायचं यंत्र ढकलतोय आणि तो मागून देखरेख करत चालतोय. म्हणून तर तूच त्या कुत्र्याला मुकादम म्हणायला लागलीस. आणि जाताना साहेब तुझ्या मांडीवर हनुवटी टेकवून बसले. असो. आजारी आहे, समज कमी झाली असेल.

शेजारच्या बेकरीवाल्या बाईही त्यांच्या फाटकाशी येऊन डोळे पुसत होत्या. त्यांनी का पुसावेत ते मला कळलं नाही.

इथल्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि तपासण्यांचे कागद मी पिशवीच्या पुढच्या कप्प्यात ठेवलेत. लघवीत रक्त पहिल्यांदा दिसलं १९ जानेवारीला, सकाळी साडेसातला, फाटकापाशी पांढरी खडी आहे तिथे. गवतावर आधी पडलं असेल तर ते मला दिसलं नाही, हे प्रामाणिकपणे लिहितो. वजन रविवारी माझ्या प्लॅटफॉर्म काट्यावर चौदा किलो साडेतीनशे ग्रॅम. तो काटा मी स्वतः जुळवलेला आहे, त्यावर शंका नको.

पाण्याचं भांडं जमिनीपासून चार बोटं उंच ठेव, पाय आखूड असले तरी मान खाली घालायला त्याला आवडत नाही. खाणं सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा. हातात घेऊन भरवू नकोस, लाडावतो. मलाच यायचं होतं, पण बाजारातल्या सगळ्या दुकानदारांच्या काट्यांची सरकारी तपासणी महिनाअखेरपर्यंत आहे आणि त्याआधी ते सगळे काटे माझ्या हाताखालून जातात. मोठं प्राण्यांचं हॉस्पिटल तुझ्या शहरात निघालं, हे तुझं नशीब.

फोनवर नको. मागच्या वेळी फोनवर तू रडलीस, मी ओरडलो आणि मुकादम टेबलाखाली गेला. पत्रच लिही, सविस्तर लिही.

लोभ आहेच, तो सगळा कुत्र्यावर खर्च करू नकोस, थोडा माझ्यासाठी शिल्लक ठेव.

तुझा,
तोळ्या


९ फेब्रुवारी

चि. तोळ्यास,
अ. उ. आ.

तुला सविस्तर हवं, म्हणून आधी वाईट तेच लिहिते. मूत्राशयात गाठ आहे आणि ती कर्करोगाची आहे. डॉक्टर बाईंनी पडद्यावर दाखवली. चष्म्याच्या दुकानात तीस वर्षं लोकांना नीट दिसावं म्हणून बसले, पण ते पाहताना वाटलं, आपल्याला कमी दिसलं असतं तर बरं झालं असतं. जागा अशी आहे की कापून काढता येणार नाही. गोळ्यांनी ती काही काळ थांबते, त्रास कमी होतो आणि काही महिने बरे जातात. किती महिने, ते त्या सांगत नाहीत. मी तीनदा विचारलं.

मुकादम तिसऱ्या मजल्यावर रुळला. जिने चढताना प्रत्येक मजल्यावर थांबून मला पुढे जाऊ देतो, जणू काम नीट चाललंय की नाही ते बघतोय. माझ्या पलंगाच्या पायथ्याशी झोपतो. पहिले दोन दिवस खाल्लं नाही, आता माझ्या हातून खातो. तू नको म्हणालास, तरी मी भरवते. रागव हवं तर.

आणखी एक. घराभोवती हिरवळ आहे का आणि तिच्यावर तणनाशक वगैरे मारता का, असं डॉक्टर बाईंनी विचारलं. असल्या फवाऱ्यांचा आणि कुत्र्यांच्या या रोगाचा संबंध काही अभ्यासांत दिसलाय म्हणे, पण एका कुत्र्याकडे बोट दाखवून याला यामुळेच झालं असं कोणी सांगू शकत नाही, हेही त्याच म्हणाल्या. पुढे त्याला कुठे ठेवायचं ते ठरवण्यासाठी त्यांना माहिती हवी आहे. तुझी ती हिरवळीची वही आहे ना, जिच्यात तू पाऊसपाण्यापासून सगळं टिपतोस, तिच्यातल्या तारखा पाठव.

चिडू नकोस. आत्ताच चिडला असशील, म्हणून म्हणते, आणखी चिडू नकोस.

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, त्यात या वेळी काळजी मिसळली आहे.

तुझी ताई


१३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र दुकानात उभ्यानेच वाचलं. गाठीबद्दल काही लिहीत नाही, लिहिता येत नाही.

हिरवळीबद्दल लिहितो. ही हिरवळ मी एकट्याने केली. कोणत्या शाळेत शिकलो नाही, कोणाला गुरू केलं नाही. दगड वेचले, माती चाळली, उतार पाणसळीने मोजला. दहा पावलं बाय सतरा पावलं, एक तण दाखव. आणि आता कोणीतरी शिकलेली बाई पडद्याकडे बघून विचारते की हिरवळ आहे का. तुझ्या इमारतीसमोर बाग आहे ना सार्वजनिक? तिथे काय मारतात, ते विचारलंस का कोणाला? हो, मुकादम तिथे दहाच दिवस जातोय, ठाऊक आहे मला. तरीही विचार.

डब्यावर लिहिलेलं असतं की फवारा पूर्ण वाळेपर्यंत मुलं-जनावरं लांब ठेवा. मी त्यावर माझी भर घातली आणि नियम केला, पुरते दोन दिवस. ते दोन दिवस मुकादम शेजारी बेकरीवाल्या बाईंच्या मागच्या अंगणात. तिथे नुसती फरशी आहे, गवताची काडी नाही. तारखांची स्वच्छ नक्कल सोबत जोडली आहे, नऊ वर्षांची. औषधाचं नाव, प्रमाण, वारा कुठून होता तेसुद्धा आहे. दाखव तुझ्या डॉक्टर बाईंना.

हातून खातो म्हणे. माझ्या हातून त्याने कधी खाल्लं नाही. मी भरवलंच नाही म्हणून, पण कधी मागितलंही नाही त्याने. पलंगाच्या पायथ्याशी झोपतो, हे तू दोन ओळींत लिहिलं असतंस तरी चाललं असतं, एका ओळीतही चाललं असतं.

हॉस्पिटलच्या काट्यावर माझा भरवसा नाही. गोळ्यांचं प्रमाण वजनावर ठरतं, त्यामुळे काटा खोटा तर औषध खोटं. वेगळ्या खोक्यातून पाच किलोचं प्रमाणित वजन पाठवतोय. मुकादमाला ठेवण्याआधी ते काट्यावर ठेव आणि आकडा लिहून कळव. हसतील, हसू देत.

लोभ मोजून मागत नाही, पण घटला तर मला कळतो.

तुझा,
तोळ्या


२० फेब्रुवारी

चि. तोळ्यास,
अ. उ. आ.

तुझं ते वजन तिसऱ्या मजल्यावर चढवताना पोस्टमनने मला विचारलं की आत काय धोंडे मागवलेत का. मी म्हटलं, धाकट्या भावाचा स्वभाव आहे.

हॉस्पिटलात पिशवीतून वजन काढून काट्यावर ठेवलं तेव्हा नर्स तोंडावर हात धरून हसली, डॉक्टर बाईही आल्या. पाच किलोला काट्याने पाच किलो दोनशे दाखवलं. मग कोणी हसलं नाही. डॉक्टर बाईंनी लगेच तक्रार लिहायला सांगितली आणि तुझा पत्ता मागितला, तुला आभाराचं पत्र येईल. फुगून जा.

पण तोळ्या, काट्यावर मुकादम तेरा किलो भरला होता. तू म्हणजे आकडेमोड तोंडी करणारा, तुझ्या लक्षात आलंच असेल. तो खरा साडेबारा आहे. जवळजवळ दोन किलो गेलाय. गोळ्या आता त्या हिशेबाने दिल्यात, म्हणजे तुझ्यामुळे त्याला बरोबर औषध मिळालं. त्यातल्या त्यात हे चांगलं.

तुझी नक्कल डॉक्टर बाईंनी शेवटपर्यंत वाचली. इतकी नेटकी नोंद आपल्या हॉस्पिटलातही नाही, म्हणाल्या. प्रत्येक वेळी दोन दिवस लांब ठेवला असेल तर मालकाने करण्यासारखं सगळं केलं, असंही म्हणाल्या. मला इतकं बरं वाटलं. तरी यापुढे त्याने फवारलेल्या गवतावर पाय ठेवू नये. म्हणून माझ्या मनात येतं की त्याला इथेच ठेवावं. इथून हॉस्पिटल दहा मिनिटांवर आहे आणि मलाही सोबत होते. तुझ्या बेकरीवाल्या बाईंना आभाराच्या चार ओळी टाकल्यात. नऊ वर्षं त्यांनी त्याला सांभाळलं, आपण कधी धड बोललोही नाही त्यांच्याशी.

लगेच नाही म्हणू नकोस, दोन दिवस विचार कर. ते झाल्यावर नाही म्हण.

आशीर्वाद, आणि जेवत जा वेळेवर.

तुझी ताई


२५ फेब्रुवारी

ताई,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. आभार वाचले, ते मला घेता येईनात, म्हणून लिहायला बसले. लिहिण्याची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

मुकादम माझ्याकडे यायचा हे खरं. फवाऱ्याच्या दिवशी तुमचे बंधू त्याला सकाळीच सोडून जायचे, सोबत त्याचं भांडं आणि एक कागद, कागदावर काय करायचं ते एक ते अकरा. भट्टीमागच्या भिंतीला ऊब असते, तिला पाठ लावून तो झोपायचा. पण नऊ वर्षं नाही, ताई. गेली दोन वर्षं तो आलेलाच नाही.

एकदा ते त्याला न्यायला आले. मुकादम भिंतीशी लोळत होता, लवकर उठेना. मी आपली गंमत केली, म्हटलं, मुकादमांनी नोकरी बदललेली दिसते, आता पगार बेकरीतून. ते हसले नाहीत. त्यानंतर तो आला नाही. मला वाटलं, माझ्या हातचं काही खाऊन त्याला बाधलं असेल, म्हणून रागावले असतील. विचारायचा धीर झाला नाही. फवाऱ्याच्या दिवशी संध्याकाळी मी पाव काढताना खिडकीतून बघायची, तर मुकादम हिरवळीवर, यांच्या मागे मागे. गवत तेव्हा ओलं दिसायचं. मला त्यातलं कळत नाही. मी समजले, औषध बदललं असेल, बिनविषारी काही आलं असेल.

हे तुम्हाला लिहावं की नाही, यावर चार दिवस गेले. ते वाईट नाहीत हो. रोज कुंपणाशी येऊन विचारतात, ताईंचं पत्र आलं का तुम्हाला, त्यात त्याच्याबद्दल काय लिहिलंय. स्वतःला आलेलं पत्र खिशात असतं, तरी विचारतात.

लोभ नव्याने जुळतोय, तो या पत्राने तुटू नये.

आपली,
शेजारीण, बेकरीवाली


१ मार्च

चि. तोळ्यास,
अ. उ. आ.

हे पत्र छोटं आहे.

बेकरीवाल्या बाईंचं उत्तर आलं. काय लिहिलंय ते तुला ठाऊक असेल, म्हणून उतरवत नाही. त्यांच्यावर राग काढू नकोस.

त्याआधी मला माझं सांगायचंय, कारण तुला एकट्याला खोटं ठरवणं बरोबर नाही. मुकादम माझ्या हातून खातो असं मी लिहिलं. अर्धंच लिहिलं. सुरुवातीला तो चमचाभर चाटून तोंड फिरवायचा. तुझं वजन आलं त्या दिवशी मी खोकं स्वयंपाकघरात ठेवलं. त्याने ते वरून खालून हुंगलं, आणि त्याच्यावर हनुवटी टेकवून जो झोपला तो संध्याकाळपर्यंत. खोक्याला तुझ्या हाताचा, दुकानातल्या तेलाचा वास असणार. तेव्हापासून भांडं त्या खोक्याशेजारी ठेवलं तरच पुरतं खातो. पलंगाच्या पायथ्याशी झोपतो हे तर तेव्हा खोटंच लिहिलं होतं, तो तिथे झोपतो ते खोकं आणून ठेवल्यापासून. आधी दाराशी झोपायचा, नाक फटीत घालून.

वीस तारखेच्या पत्रात हे मुद्दाम लिहिलं नाही. तुझ्याजवळ नऊ वर्षं होता, मला वाटलं, एक महिना माझा म्हणवू दे. वयाने मोठी आहे मी, म्हणून जास्त लाज वाटते.

आता तू वही पाठव. नक्कल नको. पाठवायची नसेल तर तसं लिही, मी पुन्हा मागणार नाही. पण मग त्याला तिकडे आणणारही नाही.

तुझी ताई


८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

वही रजिस्टर्ड पोस्टाने वेगळी पाठवली आहे. तिच्यात उजवीकडे एक रकाना आहे, ‘मु. बाहेर’ असा. नक्कल करताना तो रकाना मी सोडला. बाकी आकडे सगळे खरे उतरवले, आणि तेवढ्यावर स्वतःची समजूत घातली की नक्कल खरी आहे. वीस वर्षं बाजारात मी हेच पकडत आलो. दुकानदार वजनं खरी ठेवतात आणि पारड्याखाली मेण लावतात.

रकान्यात काय आहे ते तुला वाचण्याआधी सांगतो. पहिली सात वर्षं प्रत्येक फवाऱ्यापुढे ‘दोन दिवसांनी’. शेवटच्या दोन वर्षांत अकरा फवारे, त्यांपुढे वेळा आहेत. सव्वाचारला फवारा संपला, पाचला मु. बाहेर. चारला संपला, पावणेपाचला मु. बाहेर. माझी सवय अशी वाईट की जे करायला नको ते करतानाही नोंद केली. पाय आखूड त्याचे, पोट गवताला घासायचं. मागून एक फेरी मारली की फरशीवर बसून चारही पंजे चाटायचा. तेही एके ठिकाणी लिहिलंय.

बाईंनी नोकरीची गंमत सांगितलीच असेल. त्या गमतीचं मला काही नव्हतं. त्या दिवशी मी हाक मारली तेव्हा मुकादमाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग उठला. सात सेकंद लागले. मी मोजले. घरी येऊन वहीत लिहिले, तुला सापडतील, समासात आहेत. त्या सात सेकंदांवरून माझं पोट दुखायला लागलं ते दोन वर्षं थांबलं नाही. पुढच्या फवाऱ्याला ठरवलं, जायचं नाही तिकडे, घरात कोंडीन. तर दाराआडून असा काही विव्हळायला लागला, आणि बेकरीच्या बाजूची भिंत ओरबाडू लागला. माझ्या बाजूची नाही, त्यांच्या बाजूची. मी दार उघडलं. माझ्या मागे चालत राहिला असता तरी मला पुरे होतं. आणि चालला.

डॉक्टर बाई म्हणतात, नक्की सांगता येत नाही. तुला वाटेल, मी ते वाक्य धरून बसेन. प्रयत्न केला. माझ्या धंद्यात काटा एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला थांबायला लागला की त्याला शिक्का मिळत नाही. मलाही मिळणार नाही. वही डॉक्टर बाईंना दाखव, रकान्यासकट. त्यांना कोणासाठी तरी उपयोग होईल.

फवाऱ्याचा पंप धुऊन माळ्यावर टाकला. या आठवड्यात मधोमध पहिलं तण आलं, पिवळं फूलही धरलंय. खुरपं घेऊन गेलो, थोडा वेळ उभा राहिलो, परत आलो. पण माती धुऊन निघायला किती दिवस लागतात, हे कोणी मला ग्रॅममध्ये सांगत नाही, म्हणून त्या गवतावर मुकादम पाय ठेवणार नाही. तुझ्याकडेही त्याला ठेवू नये असं मला वाटतं. नाक दाराच्या फटीत घालून झोपायचा, हे वाचलं. ते तू लिहिलंस, तुझे उपकार.

काल बेकरीत गेलो, मागच्या दाराने. बाई पिठात कोपरापर्यंत होत्या. मी विचारलं की त्याला तुमच्या अंगणात ठेवाल का, शेवटपर्यंत. मी रोज येईन, पाहुणा म्हणून. आणि का विचारतोय तेही सांगितलं, सेकंदांसकट. त्यांनी कणकेचा गोळा परातीत आपटला. मग म्हणाल्या, दोन वर्षं मी समजत होते माझी बिस्किटं वाईट झाली, रोज एक चाखून बघायची, त्याने माझंच वजन वाढलं, ते कोण भरून देणार. मी म्हटलं, काट्यावर उभ्या राहा, मोजून सांगतो. त्यांनी मला लाटणं दाखवलं. पण भिंतीलगतची पोती हलवायला तेव्हाच सुरुवात केली. आज तिथे जुनं पांघरूण घालून झालंय.

काट्यांची तपासणी संपली. तू त्याला येत्या रविवारी घेऊन ये. गाडी बेकरीच्या फाटकाशी लाव, माझ्या नको. बाई त्यांच्या फाटकात असतील, मी त्यांच्या बाजूला उभा असेन. तो आधी कोणाकडे जातो ते तू बघू नकोस. मी घड्याळ घरात काढून ठेवणार आहे. तरी सवयीने मनात मोजलं जाईल, पण ते लिहून ठेवायला आता वही नाही, ती तुझ्याकडे आहे. तुझ्याकडेच राहू दे.

लोभ माझ्यावर ठेवायला आता जड जाईल. जेवढा झेपेल तेवढा ठेव, पारड्यात काय येतं ते मी बघणार नाही.

तुझा,
तोळ्या

ता. क. : पाच किलोचं वजन हॉस्पिटललाच देऊन टाक, त्यांना लागेल. रिकामं खोकं मात्र टाकू नकोस. गाडीत त्याच्या हनुवटीखाली ठेव.